आखूड आतडं आणि सूज : गोळीच्या आधी कारण

पत्र : नमस्कार. माझ्या मिस्टरांचं वय ४७. दोन वर्षांपूर्वी आतड्याच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि बरंचसं लहान आतडं काळं पडल्यामुळे काढावं लागलं. डिस्चार्ज कार्डावर ‘९० सेंमी जेजुनम शिल्लक, ट्रान्सव्हर्स कोलनला जोडलं’ असं लिहिलंय (जेजुनम म्हणजे लहान आतड्याचा वरचा भाग, ट्रान्सव्हर्स कोलन म्हणजे मोठ्या आतड्याचा मधला आडवा भाग). सलाइनमधून पोषण देणं वर्षभरापूर्वी बंद झालं. त्यानंतर बरं चाललं होतं, दिवसाला चार-पाच वेळा शौचाला जायचे. गेल्या तीन महिन्यांत मात्र दहा-अकरा वेळा जावं लागतं, पोट फुगतं, घाण वासाचा गॅस होतो, वजन ५८ वरून ५२ वर आलंय. सीटी स्कॅनमध्ये आतड्याची भिंत जाड झाल्याचं आणि सूज असल्याचं आलं. आधी महिनाभर सुजेवरच्या मेसालामाइनच्या गोळ्या झाल्या, फरक नाही. आता दहा दिवसांपासून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम चालू आहे. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन आणि दोन वेळा ॲसिड कमी करणारं पॅन्टोप्रॅझोल ऑपरेशनपासून आहेच. गुडघे दुखले की हे डायक्लोफिनॅक घेतात. मेडिकलमधून प्रोबायोटिक आणलंय. घरचे म्हणतात दही, हळद आणि कुटजारिष्ट द्या. सूज उतरवायला नेमकं काय करावं? — एक वाचक, कराड

उत्तर :

ताई, नमस्कार. सुजेकडे वळण्याआधी एक गोष्ट आजच करा. डायक्लोफिनॅक घरातून बाहेर काढा. वॉरफेरिन, प्रेडनिसोलोन आणि डायक्लोफिनॅक ही तीन औषधं एकत्र आली की जठरातून किंवा आतड्यातून रक्तस्राव व्हायला फार काही लागत नाही. शिवाय डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या जातीच्या वेदनाशामकांनी लहान आतड्याच्या अस्तरावर व्रण पडतात आणि आतडं सुजतं. म्हणजे जी सूज उतरवायची आहे, तिचं एक कारण त्या गोळीतच असू शकतं. गुडघ्यांना पॅरासिटामॉल चालेल, पण वॉरफेरिन चालू असल्याने दिवसाला २ ग्रॅमच्या आत, आणि रोज लागत असेल तर आयएनआर (वॉरफेरिनने रक्त किती पातळ झालं ते दाखवणारी चाचणी) तपासून. शौच डांबरासारखं काळं झालं, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, त्या चालू असतील तर तसं डॉक्टरांना सांगा.

आता सीटीबद्दल. स्कॅनला भिंतीची जाडी दिसते, जाडीमागचं कारण दिसत नाही. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत निदान पाच कारणं संभवतात आणि पाचांचे उपाय वेगळे आहेत. काही तर एकमेकांच्या उलट. मेसालामाइनने काही झालं नाही म्हणून स्टेरॉइड, स्टेरॉइडने झालं नाही तर आणखी पुढचं काहीतरी, या वाटेवर सगळ्यात जास्त वेळ आणि वजन वाया जातं.

पहिलं कारण अगदी साधं आणि तरीही नेहमी विसरलं जाणारं आहे. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन खूप उतरलं की आतड्याच्या भिंतीत पाणी साचतं आणि ती जाड दिसते, पायावर येते तशीच ही सूज असते. तीन महिन्यांत सहा किलो गेलेल्या माणसाचं अल्ब्युमिन पाहायलाच हवं. ते २.५ च्या आसपास किंवा खाली असेल, तर रिपोर्टमधल्या ‘जाड भिंत’ या दोन शब्दांवर फार मोठी इमारत उभी करू नये.

दुसरं कारण रक्तपुरवठ्याचं. ज्या शिरेत गुठळी होती तिच्यातून रक्त नीट परतत नसेल, तर उरलेलं आतडं तुंबून सुजतं. धमनीकडून रक्त कमी येत असेल, तर जेवल्यावर पंधरा मिनिटं ते तासाभरात पोट आवळल्यासारखं दुखतं आणि माणूस जेवणालाच घाबरू लागतो. झालेलं सीटी साधं होतं की शिरा-धमन्या दाखवणारं होतं, आणि सुपिरियर मेसेंटेरिक व्हेन (लहान आतड्याकडून रक्त परत नेणारी मुख्य शीर) उघडी आहे का, हे विचारा. वॉरफेरिन घेणाऱ्यांत आयएनआर कधी खाली घसरला होता का, तेही या प्रश्नाशी जोडलेलं आहे.

तिसरं कारण क्षयरोग, चौथं क्रोन्स (आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार). आपल्याकडे या दोन आजारांचे आतड्यातले व्रण दुर्बिणीतून इतके सारखे दिसतात की अनुभवी डॉक्टरही केवळ बघून सांगत नाहीत. क्रोन्सला स्टेरॉइडने आराम पडतो. क्षयाला स्टेरॉइड एकटं दिलं तर आजार पसरतो, आणि ताप-वेदना दबल्यामुळे आतड्याला भोक पडल्याचंही उशिरा कळतं. म्हणून माझा तुम्हाला सगळ्यात ठाम सल्ला असा : प्रेडनिसोलोन सुरू करण्याआधी कोलोनोस्कोपी करून जोडाच्या जागेचे आणि उरलेल्या जेजुनमचे तुकडे तपासले होते का, हे याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा. तुकड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, क्षयासाठी कल्चर (जंतू वाढवून पाहणं) आणि जीनएक्सपर्ट (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी), तिन्ही व्हायला हवं. आतड्याच्या तुकड्यात जीनएक्सपर्ट निगेटिव्ह आलं म्हणून क्षय नाही असं होत नाही, कारण तिथे जंतू मोजकेच असतात. छातीचा एक्स-रेही हवा. बायोप्सीसाठी वॉरफेरिनचं काय करायचं हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही ते स्वतःहून थांबवू नका. तसंच स्टेरॉइडही. दहाच दिवस झालेत, त्यामुळे बंद करायचं ठरलंच तर ते आत्ता सोपं आहे. तीन आठवड्यांच्या पुढे गेलं की शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल मंदावलेलं असतं आणि डोस टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो. म्हणूनच हा प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

पाचव्या कारणावर थोडं सविस्तर लिहितो, कारण पत्रातली लक्षणं सगळ्यात जास्त त्याकडेच बोट दाखवतात : लहान आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ.

निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यात जिवाणू असतात अब्जावधी, लहान आतड्यात मात्र मोजके. दोघांच्या मध्ये आयलिओसीकल झडप असते. तुमच्या मिस्टरांचं सगळं इलियम (लहान आतड्याचा शेवटचा भाग), ती झडप आणि मोठ्या आतड्याचा उजवा भाग गेला आहे. जेजुनम थेट ट्रान्सव्हर्स कोलनला लावलंय, त्यामुळे खालचे जिवाणू वर चढायला वाट मोकळी. त्यात आखूड झालेलं आतडं काळाच्या ओघात रुंदावतं आणि रुंद भागात अन्न रेंगाळतं. वरून दोन वर्षं दिवसातून दोनदा पॅन्टोप्रॅझोल, म्हणजे जंतूंना मारणारं जठरातलं ॲसिडही कमी. हे जिवाणू पित्तातली आम्लं फोडतात, मग स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, शौच फिकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं होतं. ते बी-१२ खातात, पिष्ट आंबवून गॅस करतात आणि अस्तराला सतत डिवचत राहतात. त्यातून खरीखुरी सूज येते. बरं चाललेलं असताना मध्येच पोट फुगणं, वासाचा गॅस आणि वजन उतरणं, हा त्याचा नेहमीचा चेहरा.

तपासणीचं म्हणाल तर ग्लुकोज पाजून श्वासातला हायड्रोजन मोजण्याची चाचणी मोठ्या शहरांत होते. पण आखूड आतड्यात ग्लुकोज भराभर मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथल्या जिवाणूंमुळेच चाचणी पॉझिटिव्ह येते. लॅक्ट्युलोजची चाचणी तर अशा रुग्णात जवळजवळ निरुपयोगी. एन्डोस्कोपी होणारच असेल तर जेजुनममधला द्रव ओढून कल्चरला पाठवता येतो. रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, ही जोडीही जिवाणूंकडे इशारा करते, मात्र फोलिक ॲसिडच्या गोळ्या चालू असतील तर तिला अर्थ उरत नाही. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातली सूज दाखवणारं प्रथिन) ग्रॅममागे २५० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर अस्तराला सूज आहे हे बऱ्यापैकी धरून चालता येतं, पण का, ते तीही चाचणी सांगत नाही. डायक्लोफिनॅकनेही कॅलप्रोटेक्टिन वाढतं. म्हणून गोळी बंद करून काही आठवड्यांनी केलेली चाचणी जास्त भरवशाची. प्रतिजैविकांच्या आधी शौचातले क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल आणि जिआर्डिया हे जुलाब करणारे जंतू मात्र तपासून घ्यावेत. त्यांचे उपचार वेगळे आहेत.

क्षय आणि इतर संसर्ग बाजूला पडले की पुष्कळदा डॉक्टर सरळ प्रतिजैविक देऊन बघतात, आणि या आजारात ते योग्यच आहे. नेहमीचा पर्याय रिफॅक्सिमिन ५५० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, १४ दिवस. ते रक्तात फारसं उतरत नाही, आतड्यातच काम करतं. महाग पडतं, हा त्याचा दोष. स्वस्त पर्याय मेट्रोनिडॅझोल ४०० मिलिग्रॅम तीन वेळा, ७ ते १० दिवस. पण इथे तुमच्या घरी मोठा अडथळा आहे : मेट्रोनिडॅझोलमुळे वॉरफेरिनचा जोर एकदम वाढतो. आयएनआर दोन-तीनवरून पाच-सहावर जायला वेळ लागत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनचंही तेच. यापैकी काही सुरू करायचं ठरलं तर वॉरफेरिनचा डोस आधीच बदलायचा का हे विचारून ठेवा, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आयएनआर करा आणि कोर्स संपल्यावर पुन्हा करा, कारण तेव्हा तो उलटा खाली येतो. रिफॅक्सिमिनवरही एकदा तपासलेला बरा. मेट्रोनिडॅझोलचे कोर्स वारंवार झाले आणि तळपायांना मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना कळवा. त्या नसा नेहमीच पूर्ववत होत नाहीत.

औषध लागू पडतंय की नाही हे ‘जरा बरं वाटतंय’वरून ठरवू नका. गोळी सुरू करण्याआधी तीन दिवस आणि दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस वहीत लिहा : शौच किती वेळा, त्यातलं रात्री किती, पोटाचा घेर बेंबीजवळ सकाळी आणि संध्याकाळी, सकाळचं वजन, चोवीस तासांतली लघवी. दहाचं पाच-सहावर आलं, रात्रीचं उठणं थांबलं, तर निदानावर जवळपास शिक्का बसला. त्या पंधरवड्यात दुसरं काही नवं सुरू करू नका. एकाच वेळी स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि पथ्य बदललं की गुण कशाने आला ते कोणालाच कळत नाही.

महिन्या-दोन महिन्यांत त्रास परत येऊ शकतो. झडप काही परत येणार नाही. अशांना महिन्यातले पहिले ७ ते १४ दिवस प्रतिजैविक आणि उरलेले दिवस मोकळे, दर वेळी औषध बदलून, अशी पाळी लावतात. मात्र त्यापूर्वी अरुंद झालेली जागा आहे का, तिच्यामागे आतडं फुगलंय का, हे पाहिलं गेलं पाहिजे. जोड आवळला असेल तर कितीही कोर्स केले तरी पाणी मागे तुंबतच राहणार. तिथे सर्जनचं काम आहे.

मेसालामाइनचं काय झालं असेल? या गोळ्यांचे प्रकार आहेत. काहींवरचं आवरण इलियमच्या शेवटी आम्लता कमी झाल्यावरच विरघळतं. तुमच्या मिस्टरांना इलियमच नाही, अन्न वेगाने सरकतं आणि आंबण्यामुळे मोठ्या आतड्यात आम्लता जास्त. गोळी न विरघळता जशीच्या तशी शौचात पडली तर नवल नाही. एक-दोन दिवस नीट बघा. हाच नियम लांब परिणामाच्या सगळ्या गोळ्यांना लागू आहे. पाकिटावर ‘एसआर’, ‘एक्सआर’, ‘ईआर’ असं काही असलं की विचारायचं : याचं साधं किंवा पातळ रूप मिळेल का? आणि एवढं करून सूज जिवाणूंची असेल तर मेसालामाइन पोचलं तरी फारसा उपयोग नाही.

पॅन्टोप्रॅझोल. ऑपरेशननंतरचे पहिले सहा ते बारा महिने जठर वाजवीपेक्षा जास्त ॲसिड करतं, तेव्हा ते गरजेचं असतं. दोन वर्षांनंतर दोन वेळा कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. त्याने जिवाणूंना मोकळं रान मिळतं आणि मॅग्नेशियमही उतरतं. पण आत्ता, स्टेरॉइड आणि वॉरफेरिन एकत्र चालू असताना, ते बंद करू नका, जठराला तेवढंच संरक्षण आहे. स्टेरॉइड संपल्यावर डोस हळूहळू कमी करण्याबद्दल बोला.

जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. ताप, शौचात रक्त किंवा फुगलेलं ताठ पोट असताना ते नको. एरवी जेवणाआधी अर्धा तास २ ते ४ मिलिग्रॅम, दिवसात १६ च्या आत, अशी पद्धत आहे. जिवाणू वाढलेले असताना आतडं आणखी मंद केलं तर त्यांचं फावतं. आधी प्रतिजैविक, मग लोपेरामाइड. पित्त बांधणारी कोलेस्टायरामिनची भुकटी तर यांना नकोच. एवढं इलियम गेल्यावर शरीरात पित्ताम्लं आधीच कमी पडतात. ती बांधून टाकली तर तेल-तूप आणखी पचणार नाही, वॉरफेरिनही त्या भुकटीला चिकटून बाहेर जाईल.

आता पाणी आणि पान. दहा जुलाबांवर तहान लागली की माणूस तांब्याने पाणी पितो, शहाळं आणतो, लिंबू सरबत करतो. आखूड आतड्यात नुसतं पाणी शोषलं जात नाही, उलट अंगातलं मीठ आतड्यात खेचलं जातं आणि त्यामागोमाग पाणी. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम अगदी कमी. गोड सरबत आणि फळांचे रस साखरेमुळे जुलाब वाढवतात. घोट घोट ओआरएस हाच मुख्य पेय ठेवा, दिवसाला १ ते १.५ लिटर. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र हवं : लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. रंगीत खोक्यातली गोड ‘एनर्जी’ पेयं हे काम करत नाहीत. अर्धं मोठं आतडं शाबूत असल्याने बहुतेक वेळा एवढं पुरतं. लघवी तरीही दिवसाला एक लिटरच्या खाली राहिली तर एका पाकिटाला १ ग्रॅम मीठ जादा घालतात. ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा, चिमटीने नको, आणि रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारूनच. साधं पाणी, चहा, ताक मिळून अर्धा ते एक लिटरच्या पुढे नको. जेवताना पाणी नको, अर्धा तास आधी किंवा नंतर.

खाणं दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं. भात-वरण, मऊ भाकरी, उकडलेला बटाटा, अंडं, मासे, चिकन, पनीर. कोलन असलेल्यांना साधं पिष्ट उपयोगी पडतं, त्यातून मोठं आतडं ऊर्जा काढतं. तेल-तूप बेताचं ठेवा, अगदी बंद करू नका, वजन वाढवायचंय. पोट फुगलेलं असेपर्यंत उसळी, राजमा, कच्चा कांदा, साखर, गूळ, मैद्याचं गोड बाजूला. आणि एक गोष्ट जी क्वचितच कोणी सांगतं : स्निग्ध पदार्थ न पचता खाली गेले की कॅल्शियम त्यांना चिकटतं, मोकळं राहिलेलं ऑक्झलेट कोलनमधून रक्तात जातं आणि मुतखडे होतात. पालक, अळू, चुका, बीट, राजगिरा, तीळ, शेंगदाणे, चॉकलेट, कडक चहा यांत ते भरपूर. उपासाच्या दिवशी राजगिऱ्याचे लाडू, रताळं आणि शेंगदाण्याची आमटी असं ताट झालं, तर एका दिवसात ऑक्झलेटचा डोंगर होतो. उपास या माणसाने करूच नये असं मला वाटतं. डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं असेल तर ते जेवणाबरोबर घ्यायचं, म्हणजे ऑक्झलेट आतड्यातच अडकतं.

बी-१२ तोंडाने घेतलेलं पुरेसं शोषलं जाणार नाही, कारण त्याची जागा इलियममध्ये होती. १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन आयुष्यभर, महिन्यातून एकदा किंवा डॉक्टर ठरवतील त्या अंतराने. मॅग्नेशियम, झिंक, जीवनसत्त्व डी आणि फेरिटिन (लोहाचा साठा) याच खेपेला तपासा. पोटऱ्यांत गोळे येत असतील तर मॅग्नेशियम आधी.

दही, हळद वगैरे. भाजी-आमटीतली हळद चालू द्या. कर्क्युमिनच्या कॅप्सूल वॉरफेरिनवर नकोत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. कुटजारिष्टात गूळ आणि आंबवण्यातून आलेला अल्कोहोल असतो. जिवाणूंना गूळ हवाच असतो, आणि मेट्रोनिडॅझोलवर अल्कोहोल टाळायला सांगतात. मेडिकलमधलं प्रोबायोटिक थांबवा. जिथे जिवाणूच जास्त झालेत तिथे आणखी ओतण्यात अर्थ नाही, आणि त्यातले काही लॅक्टोबॅसिलस डी-लॅक्टेट नावाचं आम्ल तयार करतात. जेवणात वाटीभर ताजं दही सोसत असेल तर निदान होईपर्यंत तेवढ्यावरच थांबा.

हे डी-लॅक्टेट तुम्हाला ओळखता आलंच पाहिजे. श्रीखंड-पुरी, जिलेबी किंवा भरपूर भात झाल्यावर काही तासांत बोबडं बोलणं, झोकांड्या, गोंधळ, अकारण चिडचिड असं झालं, तर लोकांना वाटतं दारू प्यायलेत किंवा अर्धांगवायू आला. हॉस्पिटलमध्ये नेहमीची लॅक्टेटची तपासणी नॉर्मल येते, कारण ती एल-लॅक्टेट मोजते. रक्तात आम्ल वाढलेलं आणि ॲनायन गॅप (रक्तातल्या क्षारांच्या हिशोबातली तफावत) मोठा असतो. तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा : ‘आखूड आतडं आहे, कोलन जोडलेलं आहे, डी-लॅक्टिक ॲसिडोसिस असू शकतो.’ अर्धांगवायू नाही ना, हे ते तपासतीलच, तपासू द्या. मग तोंडाने पिष्ट-साखर बंद, सलाइन, थायमिन, आवश्यक तर बायकार्बोनेट आणि प्रतिजैविक.

टेड्युग्लुटाइडच्या इंजेक्शनबद्दल इंटरनेटवर वाचाल. आतड्याच्या अस्तराची वाढ करणारं हे औषध अमेरिका आणि युरोपात २०१२ मध्ये मंजूर झालं. ते मुख्यतः सलाइनच्या पोषणावर अवलंबून असलेल्यांसाठी आहे, सूज उतरवण्यासाठी नाही. अत्यंत महाग आहे, आणि देण्याआधी कोलनमध्ये पॉलिप किंवा कर्करोग नाही हे पाहावं लागतं. तुम्हाला आत्ता त्याची गरज दिसत नाही.

डॉक्टरांकडे जाताना ऑपरेशनची नोट न्या, नुसतं डिस्चार्ज कार्ड नको. त्यात किती सेंटिमीटर उरलं, ते कुठे जोडलं आणि झडपेचं काय झालं हे सर्जनने स्वतः लिहिलेलं असतं. सोबत सीटीची सीडी, गेल्या सहा महिन्यांचे आयएनआर, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि ती वही. शक्य असेल तर गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट आणि आहारतज्ज्ञ दोघे एकत्र बसतात अशा ठिकाणी जा. कराडहून पुणे किंवा कोल्हापूर जवळ पडेल. ताप, शौचात रक्त, उलट्यांसह फुगलेलं पोट, किंवा चोवीस तासांत अर्ध्या लिटरहून कमी लघवी, यांतलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तातडीच्या विभागात न्या, आणि तिथे वॉरफेरिन चालू असल्याचं सांगायला विसरू नका.